दुसऱ्याच्या ताटातलं मांस आणि आपल्या हातातला तराजू

जुलै 2020 मधली गोष्ट. लॉकडाऊन होता. माणसं घरात बसून होती आणि मोबाइलवर येईल ते पुढं ढकलत होती. त्या आठवड्यात एक फोटो सगळीकडं फिरला. नागालँडच्या बाजारात गोणपाटात मानेपर्यंत कोंबलेली कुत्री, तोंडं दोरीनं आवळलेली, डोळे तेवढे उघडे. सोबत बातमी होती की नागालँड सरकारनं कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या खानदानाच्या ग्रुपवरही ती आली. कुणी ‘तौबा तौबा’ लिहिलं, कुणी ‘अलहम्दुलिल्लाह’ लिहिलं, एका चुलतभावानं ‘ही माणसं आहेत की कोण’ असं विचारलं. मीही अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळा झालो.

मग मोठ्या खालांचा मेसेज आला. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, कमी लिहितात. त्यांनी एवढंच विचारलं: ‘कुत्रा आपल्याला हराम, त्यात वादच नाही. पण ताटात काय असावं हे सरकारनं ठरवलेलं आपल्याला चालतं का? 2015 मध्ये तर चाललं नव्हतं.’

ग्रुपवर कुणीच उत्तर दिलं नाही. विषय बदलला. पण तो प्रश्न काही गेला नाही, आणि गेल्या काही वर्षांत देशात आणि जगात जे घडलं त्यामुळं तो आणखी धारदार झाला. आज त्याच प्रश्नाचा हिशेब मांडायचा आहे.

नागालँडमध्ये पुढं काय झालं?

आपल्यापैकी बहुतेकांनी बंदीची बातमी वाचली, पण पुढची वाचली नाही. ती बंदी टिकली नाही. कोहिमा नगरपालिकेच्या परवान्यावर हा धंदा करणारे व्यापारी गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठात गेले. नोव्हेंबर 2020 मध्ये बंदीला स्थगिती मिळाली आणि जून 2023 मध्ये न्यायालयानं बंदीचा आदेशच रद्द केला.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आदेश राज्याच्या मुख्य सचिवांनी काढला होता आणि असा आदेश काढायचा अधिकार कायद्यानं त्यांना दिलेला नव्हता. सरकारचा भर अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांवर होता. खाण्याच्या जनावरांच्या त्या यादीत मेंढी, बकरी, डुक्कर, गोवंश-म्हैस, कोंबडी, मासे आहेत, कुत्रा नाही. न्यायालयानं म्हटलं की यात नवल काही नाही, कारण कुत्र्याचं मांस ईशान्येच्या काही भागांतच खाल्लं जातं आणि बाकीच्या देशाला ते कल्पनेतही येणार नाही. पण नागा समाजात हे खाणं आजही रूढ आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. आणि गोणपाटातल्या त्या फोटोंचं काय? त्यावर उपाय म्हणून प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचे कायदे कडकपणे राबवा, असा न्यायालयाचा रोख होता.

म्हणजे न्यायालयानं तीन गोष्टी वेगळ्या केल्या: क्रूरता, कायद्यानं दिलेला अधिकार आणि किळस. क्रूरतेवर कारवाई करा, अधिकार असेल तरच आदेश काढा. पण बाकीच्या देशाला किळस येते एवढ्यावरून एखाद्या समाजाचं खाणं गुन्हा ठरत नाही.

आता हाच निकाल जरा आपल्या अंगणात आणून बघा.

आरसा आपल्या घरातला

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच. 1995 मध्ये विधिमंडळानं बैल आणि वळू यांनाही बंदीत आणणारी दुरुस्ती मंजूर केली. ती वीस वर्षं दिल्लीत पडून होती. फेब्रुवारी 2015 मध्ये तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मार्चमध्ये कायदा लागू झाला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. त्यात एक कलम असंही होतं की दुसऱ्या राज्यात, तिथल्या कायद्याप्रमाणं कापलेल्या गोवंशाचं मांस इथं कुणाजवळ सापडलं तरी तो गुन्हा.

मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांच्या खंडपीठानं कत्तलबंदी कायम ठेवली. पण परराज्यातलं मांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कारण दिलं खासगी आयुष्याच्या हक्काचं. माणूस आपल्या घरात काय खातो यात डोकावायचं सरकारला काय कारण, हा त्यामागचा सवाल. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2017 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातल्या आपल्या स्वतंत्र मतात न्या. चेलमेश्वर यांनी लिहिलं की काय खावं, काय ल्यावं हे सरकारनं सांगितलेलं कुणालाच आवडणार नाही.

हे निकाल आपण आनंदानं वाचले, पुढं पाठवले. पण कागदावरचा निकाल आणि रेल्वेचा डबा यांत फरक असतो. ऑगस्ट 2024 मध्ये धुळ्याहून मुंबईला निघालेल्या एक्स्प्रेसमध्ये, इगतपुरीच्या आसपास, जळगाव जिल्ह्यातल्या एका 72 वर्षांच्या बुजुर्गाला तरुणांच्या टोळक्यानं मारहाण केली. ते कल्याणला लेकीकडं निघाले होते. बरण्यांमध्ये तिच्यासाठी मांस नेत होते. ते म्हशीचं आहे, असं सांगत राहिले. ऐकणार कोण? मारणाऱ्यांनी स्वतःच त्याचा व्हिडिओ केला. लेकीच्या घरी जाताना डबा भरून न्यायचा, ही आपल्या प्रत्येक घरातली रीत. त्या दिवसापासून अनेक घरांत मोठ्याचं मटण तर सोडाच, साधा खिमा प्रवासात न्यायलाही बायका घाबरू लागल्या.

ऑगस्ट 2025 मध्ये कल्याण-डोंबिवलीसह राज्यातल्या काही महापालिकांनी 15 ऑगस्टला मांसाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. सरकारनं 1988 च्या जुन्या शासन निर्णयाकडं बोट दाखवलं. त्यावर विरोधकांनी आणि सत्तेतल्याही काही नेत्यांनी हरकत घेतली. आगरी-कोळी, मराठा, दलित, ख्रिस्ती अशा कितीतरी घरांत सुट्टीच्या दिवशी मटण-मासळी शिजते. तेव्हा हा नुसता मुसलमानांचा विषय नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं.

या सगळ्यात आपला युक्तिवाद एकच राहिला आहे: तुम्हाला चालत नसेल तर तुम्ही खाऊ नका, पण आमच्या ताटावर तुमची किळस लादू नका. युक्तिवाद बरोबर आहे. मग जुलै 2020 मध्ये तो आपण कुठं ठेवला होता?

सांड्याची हदीस

इथं काही वाचक म्हणतील, कुत्रा तर हराम आहे, मग हराम गोष्टीची बाजू घ्यायची का? प्रश्न रास्त आहे. सुळे असलेले शिकारी प्राणी खायला मनाई असल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि बहुसंख्य उलेमांच्या मते कुत्रा त्यातच येतो. मुसलमानानं कुत्रा खाण्याचा प्रश्नच येत नाही. पण ‘मी खाणार नाही’ आणि ‘तुला खाऊ देणार नाही’ या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. आणि त्याच्याही आधी आणखी एक फरक आहे: हराम आणि नावडतं यांतला. तो खुद्द पैगंबरांनी (सल्ल.) दाखवून दिला आहे.

प्रसंग बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे, अनेकांनी तो जुम्याच्या बयानात ऐकला असेल. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी जेवायला भाजलेला सांडा आला. सांडा म्हणजे वाळवंटातला जाड शेपटीचा सरडा. हजरत मैमूना या हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या मावशी, त्यामुळं खालिदही जेवायला होते. पैगंबरांनी (सल्ल.) हात पुढं केला, तेवढ्यात कुणी सांगितलं की हा सांडा आहे. त्यांनी हात मागं घेतला. खालिद यांनी विचारलं, हे हराम आहे का? उत्तर मिळालं, नाही. आमच्या लोकांच्या मुलखात हा प्राणी नसतो, म्हणून मला तो नकोसा वाटतो. मग खालिद यांनी ताट आपल्याकडं ओढलं आणि पैगंबरांच्या (सल्ल.) डोळ्यांदेखत खाल्लं.

हनफी उलेमा दुसऱ्या रिवायतींच्या आधारानं सांडा मकरूह मानतात, शाफई मसलकात तो चालतो. तो मतभेद त्यांचा त्यांच्याजवळ. पण या प्रसंगातला अदब सगळ्यांसाठी आहे. स्वतःला किळस आली, ती लपवली नाही. पण त्या किळसेला शरीयतचं नाव दिलं नाही. समोरच्याला ‘शी’ म्हटलं नाही, ताट उचलायला सांगितलं नाही. एकाच दस्तरख्वानावर एक जण खात होता, एक जण खात नव्हता, आणि दोघांचा मान राखला गेला.

आपल्याच घरात किती ताटं आहेत

दूर अरबस्तानात जायचीही गरज नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे आपले कोकणी भाऊ बहुतेक शाफई. त्यांच्याकडं कोळंबी, माकूल सगळं बिनधास्त शिजतं. घाटावरचे बहुतेक हनफी. हनफी मसलकात समुद्रातला फक्त मासा हलाल, त्यामुळं माकूल चालत नाही आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर उलेमांमध्ये जुना वाद आहे. आता कोकणातली मुलगी सोलापूरला सून म्हणून आली की पहिल्या महिन्यात हा प्रश्न निघतोच. सासू नाक मुरडते, सून रडकुंडीला येते. मग बहुतेक घरांत तोड निघते: तिला माहेरी गेल्यावर खाऊ द्या, इथं नको. म्हणजे अल्लाहला मानणारी, एकाच किब्ल्याकडं तोंड करणारी दोन माणसंसुद्धा एका ताटावर एकमत नाहीत. आणि तरी घर चालतं.

घोड्याचं घ्या. आपल्याकडं घोडा खाण्याची कल्पनाही कुणी करत नाही. पण कझाकस्तान-किर्गिझस्तानातले मुसलमान घोड्याचं मांस आवडीनं खातात. आतड्यात भरून वाळवलेला ‘काझी’ नावाचा पदार्थ लग्नात, ईदला पाहुण्यांपुढं मानानं ठेवतात. आणि हे लोक हनफी आहेत, तुमच्या-आमच्यासारखेच. पैगंबरांच्या (सल्ल.) काळात घोडा कापून खाल्ल्याची हजरत अस्मा (रजि.) यांची रिवायत आहे. खैबरच्या वेळी पाळीव गाढवाला मनाई आणि घोड्याला परवानगी दिल्याची हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे. इमाम अबू हनीफा यांनी घोडा मकरूह म्हटला, तर त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी जायज म्हटला. उस्तादाच्या मतापेक्षा वेगळं मत देणारे शागिर्द त्याच मसलकात राहिले, हे आज फतव्यांच्या क्लिप एकमेकांच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी आठवावं.

थोडक्यात, किळस ही बहुतेक वेळा सवयीची गोष्ट असते. जे आईनं लहानपणी भरवलं ते अन्न, जे भरवलं नाही ते विचित्र. धर्म त्याच्या वर आहे. पण आपण पुष्कळदा सवयीलाच धर्म म्हणून बसतो, आणि नेमकं हेच आपल्याला छळणारेही करतात.

फसवणूक हा वेगळा गुन्हा

याचा अर्थ असा नव्हे की ताटात काहीही आलं तरी गप्प बसायचं. एका बाबतीत आवाज चढवलाच पाहिजे, तो म्हणजे फसवणूक.

जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्यानं एक तपासणी जाहीर केली. बीफ बर्गर म्हणून विकल्या जाणाऱ्या 27 उत्पादनांचे नमुने तपासले होते. त्यातल्या 10 मध्ये घोड्याचा डीएनए निघाला. एका नमुन्यात तर मांसाचा 29 टक्के भाग घोड्याचा होता. ब्रिटन-आयर्लंडमध्ये घोडा खाणं निषिद्ध मानतात, त्यामुळं जगभर हेडलाइन ‘घोडा’ अशीच झाली. पण त्याच तपासणीतला दुसरा आकडा मागं पडला: 27 पैकी 23 उत्पादनांत डुकराचा डीएनए होता. इंग्रजांच्या किळसेची हेडलाइन झाली, मुसलमान आणि ज्यूंच्या ईमानाचा प्रश्न खाली कुठंतरी गेला. पाठोपाठ फेब्रुवारीत ब्रिटन सरकारनंच सांगितलं की इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत हलाल म्हणून पुरवलेल्या काही पदार्थांत डुकराचे अंश आढळले. तुरुंगातल्या माणसाला तर दुसरं दुकान निवडायचीही सोय नाही.

गंमत बघा. इंग्लिश खाडी ओलांडली की फ्रान्समध्ये घोड्याच्या मांसाची वेगळी दुकानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तिथं पाटी असते, गिऱ्हाईक जाणूनबुजून विकत घेतं. म्हणून घोडा खाणं हा 2013 चा घोटाळा नव्हता, खोटं नाव लावून घोडा खिलवणं हा होता.

आपल्या राज्यातही सरकारनं खरं लक्ष द्यायचं तर इथं द्यावं. मांस कुठून आलं, कधी कापलं, कोणत्या जनावराचं आहे, हे विकत घेणाऱ्याला कळलं पाहिजे. हे मुसलमानाला हवं, शाकाहारी जैनाला हवं, डुक्कर न खाणाऱ्याला हवं आणि खाणाऱ्यालाही हवं. पारदर्शक लेबल ही सगळ्यांच्या श्रद्धेची राखण आहे. त्यासाठी कुणाच्या ताटावर बंदी लागत नाही.

सोडणं आणि सोडायला लावणं

मग एखादं खाणं बदलूच नये का? बदलतं की. पण कसं बदलतं ते बघण्यासारखं आहे.

दक्षिण कोरियात कुत्र्याच्या मांसाचा रस्सा उन्हाळ्यात ताकदीसाठी पिण्याची जुनी चाल. 1988 च्या सेऊल ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिथल्या सरकारनं मुख्य रस्त्यांवरची अशी हॉटेलं हटवली. परक्यांच्या लाजेपोटी केलेला बदल. तो टिकला नाही, हॉटेलं मागच्या गल्लीत गेली. पुढं नवी पिढी आली. कुत्रा घरात पाळणारी कुटुंबं वाढली, तरुणांनी स्वतःहून तो रस्सा सोडला. आणि मग जानेवारी 2024 मध्ये तिथल्या संसदेनं 208 विरुद्ध शून्य मतांनी कायदा केला. खाण्यासाठी कुत्रे पाळणं, कापणं, विकणं फेब्रुवारी 2027 पासून शिक्षेस पात्र. मधली तीन वर्षं मुदत. पाळणाऱ्यांना आणि हॉटेलवाल्यांना दुसऱ्या धंद्यात जाण्यासाठी सरकारी मदत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा धंद्याच्या दारापर्यंत आला, स्वयंपाकघरात शिरला नाही.

या कायद्यावरही तिथल्या व्यावसायिकांची नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. तरी 2015 चा आपल्या राज्यातला अनुभव शेजारी ठेवून बघा. एका झटक्यात बंदी आली. खाटीक, चामडेवाला, हाडं गोळा करणारा, बाजारात बैल विकून पोरीचं लग्न उरकणारा शेतकरी, यांतल्या कुणाला मुदत मिळाली, कुणाला पर्यायी धंदा मिळाला? 2025 च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरैशी समाजानं जनावरांची खरेदी-विक्रीच थांबवली, तेव्हा गुरांचे बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यालाही कळलं की भाकड जनावर दावणीला बांधून ठेवायचा खर्च कुणाच्या डोक्यावर येतो.

आतून आलेल्या बदलाचं मोठं उदाहरण तर आपल्याच मातीतलं आहे. मार्च 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडायला सांगितलं. ते मांस त्या समाजानं हौसेनं स्वीकारलेलं नव्हतं. गावानं मेलेलं ढोर ओढायचं काम त्यांच्या गळ्यात बांधलं, पोटाला दुसरं काही ठेवलं नाही, आणि वर तेच खातो म्हणून विटाळ मानला. बाबासाहेबांनी स्वाभिमानाची हाक दिली. आणि लोकांनी सोडलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं ते सगळं खाणं त्यांनी लाज न बाळगता नोंदवून ठेवलं आहे. ज्यांना वाटतं की निषिद्ध मांस म्हणजे फक्त चवीचा किंवा धर्माचा विषय, त्यांनी ते वाचावं. ताटात काय पडतं हे पुष्कळदा गावात तुमचं घर कुठं आहे यावर ठरत आलंय.

कुरआननंही हे ओळखलं आहे. हराम मांसाची यादी जिथं येते (सूरह बकरा आणि सूरह माइदा दोन्हीकडं), तिथंच भुकेनं नाइलाज झालेल्या माणसाला सूटही येते. ज्या शरीयतनं हराम सांगतानाच उपाशी माणसाची आठवण ठेवली, तिचे मानणारे आपण, दुसऱ्याच्या ताटाकडं बोट दाखवताना त्याच्या भुकेची निदान चौकशी तरी करावी.

मग बंदी कधी रास्त?

काही बंद्या रास्तच असतात. खवल्या मांजर, घोरपड, मोर यांची शिकार वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. कोकणात खवल्या मांजराच्या तस्करीत माणसं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. घोरपडीबद्दल आणि सांड्याच्या तेलाबद्दल तर आपल्या मोहल्ल्यांतही मर्दानगीचे खुळे समज आहेत. तिथं ‘आमचं खाणं, आमचा हक्क’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण तो प्राणीच जगातून संपत चाललाय. कोरोनानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये चीननं जंगली प्राण्यांचा व्यापार आणि ते खाणं यांवर बंदी आणली. कारण रोग होतं, आणि रोग मसलक विचारून येत नाही.

म्हणून बंदी आली की तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. एक, बंदीचं कारण सगळ्यांना लागू पडणारं आहे का? प्राणी संपणं, रोग पसरणं, क्रूरता ही सगळ्यांची कारणं आहेत. ‘आमच्या भावना’ हे एका गटाचं कारण आहे. दोन, बंदी धंद्यावर आहे की घरातल्या डब्यावर? तीन, ज्यांची रोटी जाते त्यांची काही सोय केली का? कोरियाचा कायदा यांतल्या दोन प्रश्नांना तरी नीट उतरतो. नागालँडचा 2020 चा आदेश क्रूरतेचं नाव घेत होता, पण क्रूरतेवर कारवाई करण्याऐवजी सगळी विक्रीच त्यानं बंद केली. आणि आपल्या राज्यातला कायदा या तीन प्रश्नांना कसा उतरतो, हे वाचकांनी आपापलं ठरवावं.

हिशेब आपल्यापासून

आता त्या गोणपाटातल्या कुत्र्यांकडं परत येऊ. तो फोटो बघून आपलं काळीज हललं, ते योग्यच होतं. पण बकरी ईदच्या आदल्या दिवशी आपल्या मोहल्ल्यात उभं राहा. दुचाकीवर पाय बांधून उलटी लटकवलेली बकरी, टेम्पोत पाण्याविना कोंबलेली जनावरं, एकासमोर दुसरं कापणं, तिथंच घोळका करून व्हिडिओ काढणारी पोरं. पैगंबरांनी (सल्ल.) कापतानाही एहसान सांगितलाय: सुरी धारदार करा, जनावराला आराम द्या. सुरी जनावराच्या नजरेआड परजावी, एकासमोर दुसरं कापू नये, हा कापण्याचा अदब आपले बुजुर्ग शिकवत आले. जनावराला तडफडवत आणून शेवटी ‘बिस्मिल्लाह, अल्लाहू अकबर’ म्हटलं की आपली जबाबदारी संपली, असं थोडंच आहे? नागा बाजाराच्या क्रूरतेवर बोलायचं असेल तर आधी आपला बाजार नीट करू. तेव्हाच आपल्या बोलण्याला वजन येईल.

आणि घरातल्या मुलांना दोन गोष्टी शिकवू. पहिली, आपलं हलाल आपण जपायचं, त्यात तडजोड नाही. वसतिगृहात, ऑफिसात, परदेशात, जिथं असशील तिथं विचारून, लेबल वाचून खायचं. दुसरी, वर्गात शेजारी बसलेला ईशान्येतला मुलगा, ख्रिस्ती मैत्रीण किंवा कांदा-लसूणही न खाणारा जैन मित्र, यांच्या डब्याकडं बघून नाक मुरडायचं नाही. ‘मला चालत नाही’ एवढं म्हणायचं. ‘छी, तुम्ही हे खाता?’ हे म्हणायचं नाही. कारण हेच वाक्य आपल्या मुलांनीही ऐकलेलं असतं, आणि ते घरी येऊन सांगत नाहीत.

ज्या दिवशी मोठ्या खालांनी तो प्रश्न विचारला, त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. आज देतो. नाही खाला, चालत नाही. आपल्या ताटावर चालत नसेल, तर नागांच्याही ताटावर चालत नाही. तराजू एकच ठेवावा लागेल, मग पारड्यात आपलं गोश्त असो की दुसऱ्याचं.